नळ्या बांधल्या सरकारने, जोडायच्या कोणी?

१ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात बोलताना सरसंघचालक मोहन भागवत यांनी प्रजननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, २.१च्या खाली जाता कामा नये, दोनापेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत, असा हिशेब मांडला. त्याच्या आदल्याच महिन्यात आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांना स्थानिक निवडणुकांतून बाद करणारी तरतूद काढून टाकली होती. मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू तर, जास्त मुलं असतील त्यांनाच निवडणूक लढवू द्यावी, इथपर्यंत बोलून गेले होते. दवाखान्याच्या भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण बघत या देशात दोन पिढ्या वाढल्या. त्या देशात आता वारं असं फिरलंय. फिरू दे. पण ही तिसरी मुलं जन्माला घालायची कोणी, याचा विचार यांपैकी एकाने तरी केला असेल का, अशी मला शंका आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ४९ टक्क्यांचं कुटुंब नियोजनाचं, म्हणजे गर्भनलिका बांधण्याचं, ऑपरेशन झालेलं आहे. देशात हे प्रमाण जवळपास ३८ टक्के आहे. पुरुष नसबंदी देशात ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. भाषणं ज्यांच्यासाठी चालली आहेत, त्यांतल्या निम्म्या घरांत हा विषय ऑपरेशन टेबलावर केव्हाच मिटलेला आहे.

लोकसंख्या वाढावी की घटावी, या वादात मला रस नाही. बाईने देशासाठी मूल जन्माला घालावं हे जितकं चूक, तितकंच देशासाठी थांबावं हेही चूक. मला बोलायचंय ते या गदारोळात कोणाच्याच खिजगणतीत नसलेल्या बाईबद्दल. तिचं ऑपरेशन झालंय, आणि आज तिला, तिच्या स्वतःच्या कारणासाठी, पुन्हा मूल हवंय. ज्या सरकारने मोहीम काढून, गाडी पाठवून, हातावर पैसे ठेवून तिच्या नळ्या बांधल्या, त्या नळ्या पुन्हा जोडून देण्याची जबाबदारीही त्याच सरकारची आहे. ही मेहेरबानी म्हणून मागायची गोष्ट नाही. कार्यक्रमाचाच तो उरलेला अर्धा भाग आहे, आणि तो आपण कधी केलाच नाही.

सरकारी कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, जगातला पहिला. मुंबईत र. धों. कर्व्यांनी त्याच्याही तीस वर्षं आधी, १९२१ मध्ये, संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, आणि त्यांचा मुद्दा बाईच्या सुखाचा आणि स्वातंत्र्याचा होता. सरकारच्या हातात आल्यावर त्याचा आकड्यांचा खेळ झाला. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करून ठेवलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं, म्हणजे आपण वाचलो. पुढे निवडणुकीत सरकार पडलं आणि राजकारण्यांनी धडा घेतला. धडा काय, तर पुरुषांना हात लावायचा नाही. तेव्हापासून सगळा भार बाईच्या पोटावर आला तो आजतागायत. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, भूल तेवढ्या जागेपुरती, पोट उघडायची गरज नाही, तासाभरात घरी. तरी हजारात तीन.

१९९६ मध्ये केंद्राने कागदावरून टार्गेट काढली. प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना विचारा, मार्च महिना जवळ आला की साहेबांच्या बैठकीत काय विचारलं जातं. ‘अपेक्षित काम’ असं त्याचं नवं नाव. अजूनही बाईला तिथे ‘केस’च म्हणतात. आशाताईने केस आणली, सिस्टरची एक केस परत गेली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आलेल्या बायका ओळीने बसतात, रक्त-लघवीची तपासणी होते, अंगठा किंवा सही होते, दुपारी एकेक आत जाते आणि संध्याकाळी व्हरांड्यातल्या गादीवर सासू किंवा आई शेजारी बसलेली दिसते. नवरा बाहेर, मोटरसायकलवर. केंद्राच्या २००७च्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला ६०० रुपये, बाकीच्या बाईला २५०, पुरुषाला १,१०० असा दर ठरला होता. पुरुषाला जास्त देऊनही तो आला नाही, आणि बाई २५० रुपयांतही आली, यात सगळं आलं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. बहुतेक बायकांना हे ऑपरेशन हवंच असतं. दर महिन्याची धाकधूक संपते, सासरच्यांची बोलणी संपतात, कामाला मोकळं होता येतं. सर्वेक्षणांच्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासांत पश्चात्ताप वाटतो असं सांगणाऱ्या बायका शंभरात पाच-सात निघतात. म्हणजे नव्वदहून जास्त जणी समाधानी आहेत. पण आपल्याकडे ऑपरेशन झालेल्यांची संख्या कोटींमध्ये आहे. कोटींचे पाच टक्के म्हणजे लाखो बायका होतात, आणि त्यांना ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

पश्चात्ताप कोणाला होतो हेही नवीन नाही. अमेरिकेत हजारो बायकांची चौदा वर्षं पाहणी झाली. तिशीपर्यंत ऑपरेशन करून घेतलेल्यांपैकी २० टक्के, आणि तिशीनंतर केलेल्यांपैकी सहाच टक्के बायकांनी पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं. वय जितकं कमी, तितका पुढचा आयुष्याचा पट्टा लांब, आणि त्यात काय घडेल याचा नेम नाही. आपल्याकडे ऑपरेशनचं मधलं वय पंचवीस-सव्वीस आहे. सरकारी नियमांत किमान वय २२ धरलंय. महाराष्ट्रात विशीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या मुलींपैकी जवळपास २२ टक्के मुलींची लग्नं अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेली सापडली. सतराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी पहिलं, एकविसाव्या वर्षी दुसरं, आणि बावीस भरले की ‘आता करून टाक’. शहरातली तिच्या वयाची मुलगी तेव्हा नुकती नोकरीला लागलेली असते.

त्यातही मला सर्वांत खटकतं ते बाळंतपणातच उरकलं जाणारं ऑपरेशन. दुसरं सिझर झालं की पोट उघडंच आहे, तेव्हाच नळ्या बांधून टाका. सिझर नसेल तर आठवड्याच्या आत. डॉक्टरांची बाजू मला ठाऊक आहे: बाई लांबून आलेली असते, पुन्हा भूल नको, पुन्हा मजुरी बुडायला नको, आणि एकदा घरी गेली की परत येईलच असं नाही. ही सगळी कारणं खरी आहेत. पण जरा त्या पाळण्याकडे बघा. सरकारी नियम म्हणतो, जोडप्याला एक वर्षावरचं किमान एक मूल असावं. ते असतं, थोरलं. धाकटं एका दिवसाचं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या हजार मुलांमागे २८ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत गेलेली आढळली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त पहिल्या अठ्ठावीस दिवसांत. ज्या आठवड्यात बाळ दगावण्याचा धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्याच आठवड्यात आपण आईची पुढची वाट बंद करतो. आणि हे सोयीचं म्हणून करतो. प्रसूतीनंतर लगेच तांबी बसवता येते. ती दहा वर्षं चालते, ऑपरेशनच्या तोडीची खात्री देते आणि पाच मिनिटांत काढता येते. २०१७पासून सरकारी दवाखान्यांत तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शनही आलंय. दुसरं मूल दोन वर्षांचं होईपर्यंत तांबी, मग हवं तर ऑपरेशन, असा साधा सल्ला मिळाला असता तर नळ्या जोडायला येणाऱ्या कितीतरी जणींवर ही वेळ आली नसती.

आता त्या जोडण्याबद्दल.

गर्भनलिका दहा-बारा सेंटीमीटर लांब. गर्भाशयाजवळ तिची आतली पोकळी जेमतेम मिलिमीटरभर. बंद करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या. नळीचा वेढा उचलून, बांधून, मधला तुकडा कापणं ही एक. दुर्बिणीतून वेढ्यावर छोटी रिंग बसवणं ही दुसरी. रिंगने साधारण दोन-तीन सेंटीमीटर नळी निकामी होते, बाकीची चांगली राहते. विजेने जाळली असेल तर जास्त नुकसान. टोकाची झालरच काढून टाकली असेल तर जोडण्याचा प्रश्नच मिटला. जोडताना सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकं ताजी करून, केसाहून बारीक धाग्याने टाके घालतात आणि निळं औषध सोडून वाट मोकळी झाली का ते बघतात. उरलेली नळी चार सेंटीमीटरच्या वर असेल, बाई पस्तिशीच्या आत असेल आणि डॉक्टरचा हात सरावाचा असेल तर निम्म्याहून जास्त बायकांना दिवस राहतात. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा साधारण शंभरात ४२ ते ६९ असा येतो. सोबत एक धोका येतो तो लपवता कामा नये: शंभरात चार ते आठ जणींचा गर्भ नळीतच राहतो. नळी फुटली आणि तालुक्याच्या ठिकाणी रक्त मिळालं नाही तर बाई हातची जाते. म्हणून जोडलेल्या बाईची पाळी चुकली की चार दिवसांत तपासणी आणि लवकर सोनोग्राफी, यात सूट नाही.

आणि ही सगळी गणितं मांडायला आधी हे कळायला हवं की बाईच्या नळीचं नक्की काय केलं होतं. सरकारी नोंदवहीत पद्धतीचा रकाना असतो. पण बाईच्या हातात पडतो तो एक पुठ्ठ्याचा तुकडा. अशी कार्डं घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधारकार्ड, रेशनकार्ड, गेलेल्या लेकराचा दाखला, आणि त्यांच्यात घडी पडून मधोमध फाटलेलं ते कार्ड. त्यावर तारीख, केंद्राचा शिक्का आणि ‘टी. एल. केली’, म्हणजे नळ्या बांधल्या, एवढंच. रिंग की कापून, काही पत्ता नाही. किती नळी उरली हे पोट उघडल्यावर कळतं, आणि कधीकधी तेव्हा कळतं की जोडण्यासारखं काही उरलेलंच नाही. दोन ओळींची नोंद कार्डावर करायला पैसे पडत नाहीत. ती केली जात नाही याचं कारण एकच, या बाईला पुढे कधी काही विचारायचं असेल असं लिहिणाऱ्याच्या मनातही येत नाही.

कोण असतात या बायका? पाश्चात्त्य देशांत नळ्या जोडायला येणारी बाई बहुधा दुसऱ्या लग्नातली असते. आपल्याकडे ती बहुधा मूल गमावलेली असते. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं असतं, त्यावर पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, तिथे पाच-सहा वर्षांचं पोर काय करणार. साप, डेंग्यू, रस्त्यावरचा ट्रक. एखाद्याच वाईट वर्षात घरातलं एकुलतं एक किंवा दोन्ही लेकरं जातात. मग बाई तिशीत असते आणि गाव तिच्याकडे बघून हळहळतं, एवढंच.

मोठ्या संकटात सरकारला हे कळतं. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर हजारो माणसं गेली, त्यांत मुलं फार. कोळ्यांच्या बायकांची ऑपरेशनं झालेली होती. तामिळनाडू सरकारने मुलं गमावलेल्या आयांच्या नळ्या मोफत जोडून देण्याचं जाहीर केलं आणि तसं केलंही. २००८च्या सिच्वान भूकंपानंतर एकच मूल असण्याच्या सक्तीसाठी जगभर बदनाम असलेल्या चीन सरकारनेही एकुलतं मूल गमावलेल्या आईबापांसाठी डॉक्टरांची पथकं पाठवली. म्हणजे यंत्रणा उभी करता येते, पैसा काढता येतो आणि नैतिक अडचणही कोणाला दिसत नाही, फक्त कॅमेरे समोर हवेत. शेततळ्यात बुडालेलं लेकरू एकट्याने गेलेलं असतं. त्याची बातमी जिल्हा पानावर चार ओळींची.

दुसरी बाई विधवा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, मंगळसूत्र काढू नये. राज्यभर कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण सव्वीस वर्षांच्या विधवेने बांगड्या भरल्या तरी तिच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो तो ‘ऑपरेशन झालंय का?’ मराठवाड्यात आणि विदर्भात नवऱ्याने आत्महत्या केल्यावर मागे राहिलेल्या बायकांत अशा तरुण बायका कितीतरी आहेत. लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून हवालदिल झालेले चाळिशीकडे झुकलेले शेतकरी पुरुषही गावोगाव आहेत. त्यांच्यात कोणी अशा बाईचा हात धरायला तयार झाला तर घरचे म्हणतात, वंश कसा चालणार? मला या प्रश्नाचा राग येतो. पण बाईला स्वतःलाच त्या नव्या घरात एक मूल हवं असू शकतं, आणि ती इच्छा रागावून उडवून लावण्याचा मला अधिकार नाही. त्यातून तिला तिसरं मूल झालंच, तर याच महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं म्हणून कितीतरी सरपंच-सदस्यांना घरी बसवलं गेलं आहे, हेही तिच्या कानावर घालायला हवं. भाषणं सांगतात जास्त मुलं हवीत, कायदा म्हणतो खुर्ची सोडा.

मग ‘मुलासाठी’ येणाऱ्यांचं काय? नळ्या जोडून देण्याला होणारा हा सर्वांत जोरदार आक्षेप. सोय केली की सासरचे दोन मुलींच्या आईला पकडून आणतील, असं म्हणतात. थोडं खोलात गेलं तर चित्र वेगळं दिसतं. दोन मुलींवर थांबणारी घरं मुळात विचार करून थांबलेली असतात. ज्यांना मुलगाच हवा होता त्यांनी मुलगा होईपर्यंत ऑपरेशन केलेलंच नसतं. त्यामुळे येणाऱ्यांत जास्त घरं अशी असतात जिथे असलेला मुलगा गेला. मुलगी गेली तर तितक्याच घाईने गाडी केली जाते का, हा प्रश्न मी एका स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारला होता. त्या काही बोलल्या नाहीत, फाइलकडे बघत राहिल्या. तर मुलाचा हव्यास या दारातूनही आत येतो, नाकारायचं कारण नाही. पण म्हणून दार बंद करायचं? लिंगनिवडीशी लढायला महाराष्ट्राने १९८८ मध्येच, देशात सर्वांत आधी, कायदा केला. ती लढाई सोनोग्राफी केंद्रावर लढायची आहे. ऑपरेशनच्या अर्जावर कारण विचारून, कोणाचं दुःख पुरेसं आणि कोणाचं नाही हे डॉक्टरने ठरवायचं, ही पद्धत मला मान्य नाही. बाईला एकटीला आत बसवा, सासू आणि नवरा बाहेर, आणि अर्धा तास बोला. तिला स्वतःला हवंय की नाही हे कळायला तेवढा वेळ पुरतो. ती ‘हो’ म्हणाली तर कारण तिचं तिच्यापाशी राहू द्या, आणि ‘नाही’ म्हणाली तर बाहेरच्यांना ‘तब्येतीमुळे जमणार नाही’ असं सांगायची जबाबदारी डॉक्टरने घ्यावी. आपल्याकडे डॉक्टरचा शब्द सासू मानते, त्याचा असाही उपयोग होऊ दे.

‘तिने सही केली होती, कायमचं आहे असं सांगितलं होतं’ हा दुसरा आक्षेप. सांगितलं होतं, हे खरं. संमतीपत्रात ते लिहिलेलं असतं, ऑपरेशन फसू शकतं हेही असतं. उपाशीपोटी बसलेल्या, कडेवर लेकरू असलेल्या बाईने ते किती वाचलं हा भाग सोडून देऊ. पण कायमचं म्हणून सही केली की माणसाने आयुष्यभर बदलायचंच नाही, असा नियम आपण आणखी कुठे लावतो? लग्नसुद्धा कायमचं म्हणूनच करतात, तरी घटस्फोटाचा कायदा आहे. जोडायची सोय आहे म्हणून बायका हसतखेळत ऑपरेशन करून घेतील, अशी भीती काही डॉक्टर बोलून दाखवतात. पोट उघडणारं दुसरं ऑपरेशन, निम्मी खात्री आणि नळीत गर्भ राहण्याचा धोका, हे सगळं समोर ठेवल्यावर कोणी हसतखेळत येत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्याच्या आडून हल्ली एक सल्ला येतो, नळ्या कशाला जोडता, सरळ आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, करा. काही बायकांसाठी तो खराच योग्य आहे. वय अडतीस-चाळीस, नळ्या आखूड उरलेल्या किंवा नवऱ्यात दोष असेल, तर वेळ न घालवता तिकडेच जावं. २०२३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू झालं, ही चांगली गोष्ट झाली. इतर राज्यांच्या रुग्णालयांनीही तिथे जाऊन बघून यावं. पण अठ्ठावीस-तीस वर्षांच्या, नळ्या चांगल्या असलेल्या बाईला खासगीत फेरीमागे लाख-दीड लाखाच्या पुढे मोजायला लावायचे, फेरी फसली की पुन्हा तितकेच, आणि तिला एकदा नळ्या जोडून घेण्याचा पर्याय आहे हे सांगायचंच नाही, याला धंदा म्हणतात. नळ्या जोडल्या की पुढे दर महिन्याला तिच्या घरीच प्रयत्न होऊ शकतो, दवाखान्याची पायरी न चढता. आयव्हीएफचा बाजार फोफावला तसे सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या जोडणारे हात कमी झाले. जुन्या डॉक्टरांना हे काम येतं, ते निवृत्त होत चाललेत. नव्यांना शिकायला केसेस मिळत नाहीत. काही वैद्यकीय महाविद्यालयांत हे ऑपरेशन होतं, पण ते करणारा माणूस तिथे आहे तोवरच. त्याची बदली झाली की सोय बंद.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. राज्याच्या प्रत्येक महसूल विभागात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हे काम ठरलेल्या दिवशी, मोफत, शिकवण्याच्या कामासह व्हावं. ज्या आशाताईला ऑपरेशनची केस आणल्याचे पैसे मिळतात, तिलाच लेकरू गमावलेल्या बाईला इथवर आणल्याचे पैसे मिळावेत. त्यामुळे निदान ती त्या घरात पुन्हा जाईल. आणि शिबिरांची सवय या कामात मुळीच शिरू देऊ नये. ८ नोव्हेंबर २०१४ला छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली आणि त्यांतल्या दहाहून जास्त जणी गेल्या. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगावं लागलं. एका नळी-जोडणीला दोन तास लागतात. दिवसाला दोन झाली तरी पुष्कळ.

बीडच्या बायका या हिशेबात कुठेच बसत नाहीत, त्यांच्याबद्दल इथे थोडं. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. लवकर लग्न, लवकर मुलं, लवकर ऑपरेशन, आणि मग ‘आता पिशवीचा काय उपयोग?’ मुकादमाला पाळीच्या दिवसांतला खाडा नको, बाईला दंड नको, आणि कोयत्याचं काम थांबत नाही. नळ्या बांधलेली बाई म्हणजे संपलेली बाई, ही समजूत सगळ्यांच्या डोक्यात इतकी मुरलेली आहे की पिशवी काढताना कोणाला दोनदा विचार करावासा वाटत नाही. त्यांतल्या कोणाचं लेकरू पुढे गेलं तर तिला कोणतीच शस्त्रक्रिया काही परत देऊ शकत नाही. म्हणून पस्तिशीच्या आतल्या कोणत्याही बाईची पिशवी काढताना, तिचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं असलं तरी, दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत बंधनकारक असायला हवं.

शेवटी पुरुषांकडे येऊ. नळ्या जोडण्याआधी सर्वांत पहिली, सर्वांत स्वस्त आणि अजिबात न दुखणारी तपासणी नवऱ्याच्या वीर्याची असते. ती सदोष निघाली तर बाईचं पोट उघडण्यात अर्थच नसतो. आणि सगळी गाडी अडते ती नेमकी इथेच. बाई दोनशे किलोमीटरवरून एसटीने येते, रक्त देते, एक्स-रे काढते, नळीत औषध सोडताना दुखलं तरी गप्प राहते. नवऱ्याला बाटली दिली की तो ‘मला दोन मुलं झालेली आहेत, मला कसली तपासणी’ म्हणून बिडी ओढायला बाहेर जातो. मुलं झाली त्याला आठ वर्षं उलटलेली असतात. मधल्या काळात तंबाखू वाढलेली असते, साखर निघालेली असते. डॉक्टर समजावतात, एक महिना जातो, दुसरा जातो. बाईचं वय थांबत नाही. नवऱ्याचा अहवाल फाइलला लागल्याशिवाय बाईला तारीख द्यायची नाही, आणि तो अहवाल त्याच दिवशी, त्याच रुग्णालयात, मोफत मिळेल अशी सोय करायची, हा नियम उद्यापासून लागू करायला कोणाची परवानगी लागत नाही.